मी छान आहे

सकाळी लाँड्रीचं शटर वर गेलं की आधी बॉयलर तापायला लागायचा, मग इस्त्रीचं मोठं यंत्र एक लांब सुस्कारा टाकायचं, आणि मग बिट्टी काउंटरमागच्या उंच स्टुलावर येऊन बसायची. केस घट्ट विंचरलेले, फ्रॉकची कॉलर कडक, हात मांडीवर एकावर एक. गिऱ्हाईक आलं की ती त्याच्या कपाळाकडे बघायची, ओठ दोन्ही बाजूंना सारखेच ताणायची आणि म्हणायची, "नमस्कार. आपण कसे आहात? मी छान आहे."

एके दिवशी एक बाई पडदे धुवायला घेऊन आल्या होत्या. बिट्टीच्या आईनं काही कारण नसताना त्यांना सांगितलं, की हिला ऑटिझम आहे. कारण नव्हतं असं तरी कसं म्हणावं? ते सांगितलं की समोरचं माणूस थबकायचं, पोरीकडे पुन्हा एकदा नीट बघायचं आणि म्हणायचं, "कोण म्हणेल!" त्या दोन शब्दांवर बिट्टीची आई दिवसभर तरंगत असायची. पडदेवाल्या बाईही तेच म्हणाल्या. आईनं पडदे मोजून घेतले आणि लाजत म्हणाली, "मेहनत घेतलीय हो फार."

मेहनत घेतली होती यात खोटं काही नव्हतं.

बिट्टी बरीच मोठी होईपर्यंत बोललीच नव्हती. यंत्रानं वाफ सोडली की ती आनंदानं दोन्ही हात पाखरासारखे फडफडवायची. नुकत्याच इस्त्री झालेल्या गरम चादरींच्या थप्पीत तोंड खुपसून बसायची. कुणी मोठ्यानं बोललं तर कान झाकून किंचाळायची. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की मूल स्वमग्न आहे. माणसांत कसं वावरायचं, समोरच्याचा चेहरा कसा वाचायचा, आपल्या मनातलं त्याला कसं सांगायचं, हे इतर मुलं न शिकवता उचलतात. हिला ते शिकवावं लागेल. घरच्यांनी त्यातलं "शिकवावं लागेल" एवढंच धरून ठेवलं. काय शिकवायचं आणि कुणाच्या सोयीसाठी, हे त्यांनी विचारलं नाही.

सुरुवातीला ते तिला एका बाईंकडे नेत. या बाई अशाच मुलांना खेळातून बोलायला शिकवायच्या. पण पहिले काही आठवडे त्यांनी बिट्टीला एकच शब्द शिकवला: "नको." नको असलेला खेळ पुढे करायचा, तिनं नको म्हटलं की लगेच मागे घ्यायचा. बिट्टी घरी येऊन दुधाला नको म्हणाली, आंघोळीला नको म्हणाली, आणि एकदा दुकानात, पापा घ्यायला वाकलेल्या एका जुन्या गिऱ्हाइकाला चांगलं ठणकावून नको म्हणाली. तो माणूस हसला, पण त्याचा चेहरा उतरला. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुळात गप्प असलेल्या पोरीला बोलतं करायचं आणि बोलायला उद्धटपणा शिकवायचा, ही कसली रीत, असं म्हणून त्या बाईंकडे जाणं थांबलं.

तेवढ्यात बिट्टीची आत्या नोकरीतून निवृत्त होऊन भावाकडे राहायला आली. सगळे तिला ताईच म्हणायचे. ताई म्हणजे घरातलं मोठं माणूस, शब्दाला वजन असलेलं. एका मोठ्या हॉटेलच्या स्वागतकक्षाची ती कित्येक वर्षं प्रमुख होती. गावाकडच्या बुजऱ्या पोरींना तिनं काउंटरमागे उभं राहायला शिकवलं होतं. पाहुणा अंगावर ओरडला तरी ओठ कसे ठेवायचे, डोळ्यांत बघणं जमत नसेल तर कपाळाकडे कसं बघायचं, हात कुठे ठेवायचे, हे सगळं तिला पाठ होतं. भावजयीला ती म्हणाली, की रडत बसू नकोस, मी हिला माणसांत आणते. आणि तिनं आणलं.

आरशासमोर बसवून सराव व्हायचा. हात फडफडले की वाफेचं यंत्र दिवसभर बघायला मिळायचं नाही. नीट बोललं की मिळायचं. आणि रडू आलं तर मागच्या खोलीत, मळक्या कपड्यांच्या गठ्ठ्यांत जाऊन बसायचं. चेहरा नीट झाला की बाहेर यायचं. मारणं नाही, ओरडणं नाही. रडका चेहरा पाहुण्यांना दाखवायचा नसतो, एवढंच ताई शांतपणे सांगायची. पहिल्यांदा बिट्टी त्या खोलीत सकाळपासून जेवणवेळेपर्यंत होती. पुढे पुढे लवकर बाहेर येऊ लागली. मग तिचं रडणंच बंद झालं. शेजारीपाजारी कौतुक करू लागले, की पोर किती समजूतदार झाली. आईनं शेजारणीला अभिमानानं सांगितलं, की परवा दारात बोट चेमटलं, तर हूं की चूं केलं नाही.

वाचकहो, हे वाचताना तुम्हाला खटकलं असेल. त्या घरात कुणाला खटकलं नाही. शेजारणीलाही नाही.

बिट्टी नऊ वर्षांची झाली आणि ताईनं ओळखीनं एका नावाजलेल्या शाळेत शब्द टाकला. तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या, की अशी मुलं आम्ही सहसा घेत नाही, पण मुलगी चारचौघींसारखी वागणार असेल तर बघू, मुलाखतीला आणा. घरात नुसती धांदल उडाली. सकाळ-संध्याकाळ तालीम सुरू झाली. आई मोठ्या बाई व्हायची, ताई खुर्चीमागे उभी राहून चुका काढायची. नाव, आवड, एक कविता, शेवटी आभार. बिट्टी सगळं म्हणायची.

याच दिवसांत ती चादरींच्या थप्पीपाशी पुन्हा जाऊ लागली. पण तोंड खुपसून नव्हे. डोकं उजवीकडे कलतं करून, कान गरम कापडावर दाबून ती तशीच पडून राहायची. मधूनच उठून तीच बाजू गठ्ठ्यावर आपटायची. जेवताना दोन घास खाऊन उठायची.

तिचा बाप अबोल होता. दिवसभर कपड्यांवरचे डाग निरखणारा माणूस. शाईचा कुठला आणि गंजाचा कुठला, हे तो लांबून सांगायचा. त्यानं हे पाहिलं आणि बायकोला म्हणाला, की हिचा कान दुखतोय की काय. आईनं लगेच बिट्टीला समोर घेऊन विचारलं, "बिट्टी, काय होतंय गं?"

बिट्टीनं कपाळाकडे पाहिलं. ओठ ताणले. "मी छान आहे. आपण कशा आहात?"

आईचं समाधान झालं. ताईनंही सांगितलं, की मुलाखत जवळ आली म्हणून जुन्या सवयी डोकं वर काढतायत. लक्ष दिलंत तर पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागेल. अंग कोमट लागलं तेव्हा आईनं तापाची गोळी दिली. बाप काही बोलला नाही. त्याच्या मनातून ते गेलं नव्हतं, पण घरातल्या दोन बायका, त्यातली एक थोरली बहीण, एका बाजूला असताना तो सहसा बोलायचा नाही. हे गप्प बसणं त्याला पुढे फार महागात पडलं.

मुलाखतीच्या सकाळी बिट्टीचे डोळे जड होते. गाल मात्र लाल दिसत होते, आणि आईला वाटलं, बरंच झालं, पोर टवटवीत दिसतेय. मोठ्या बाईंच्या खोलीत बिट्टी खुर्चीच्या कडेला ताठ बसली. नाव सांगितलं. आवड सांगितली. कविता म्हटली. मोठ्या बाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी दुसऱ्या एका शिक्षिकेला बोलावून आणलं आणि म्हणाल्या, "बाळ, अजून एक कविता म्हणशील?"

बिट्टी क्षणभर थांबली. तिचा हात मांडीवरून उचलला गेला, कानाकडे निघाला. आईनं डोळ्यांनी खूण केली. हात परत मांडीवर आला. बिट्टीनं दुसरी कविता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत म्हटली आणि आभार मानले.

"कोण म्हणेल!" मोठ्या बाई म्हणाल्या.

दुकानात परतल्यावर आईनं नवऱ्याला सगळं रंगवून सांगायला सुरुवात केली. ताईनं चहा टाकला. बिट्टी नेहमीच्या स्टुलावर चढायला गेली आणि चढता चढता एका बाजूला कोसळली. तिला उचलताना बापाचा हात तिच्या उजव्या कानामागे गेला. तिथं लिंबाएवढी गरम सूज होती. ताईनं शिकवल्याप्रमाणे बिट्टी स्वतःच केस घट्ट विंचरून, कानावरून पुढे घेऊन पिनांनी बसवायची, म्हणून ती सूज कुणाला दिसली नव्हती. उशीवर पिवळा डाग पडला होता, तो आईनं सकाळीच पाहिला होता आणि दुधाचा समजून अभ्रा धुवायला टाकला होता.

हॉस्पिटलमध्ये तिला लगेच आत नेलं. कानातला पू मागच्या हाडात उतरला होता. ऑपरेशन झाल्यावर कानाच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी सांगितलं, की जिवाचा धोका टळलाय, पण उजव्या कानानं तिला पुन्हा ऐकू येईल अशी आशा धरू नका. मग त्यांनी विचारलं, की इतके दिवस तुम्ही काय करत होता. आवाज चढवला नाही त्यांनी. त्यामुळेच ते जास्त लागलं.

"ती काही बोललीच नाही हो," आई म्हणाली.

"बोलता येत नाही तिला?"

"येतं. छान बोलते."

"मग या दुखण्यात मोठी माणसं भिंतीवर डोकं आपटतात. नऊ वर्षांची पोर रडलीसुद्धा नाही?"

आईनं तोंड उघडलं आणि तिला आपलंच उत्तर ऐकू आलं. "ती रडत नाही, डॉक्टर. आम्ही तिला शिकवलंय."

डॉक्टरीणबाई आत बिट्टीकडे निघून गेल्या. आई तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. येणारीजाणारी माणसं तिला वळसा घालून जात होती. आपल्याकडे सगळे बघतायत असं तिला वाटत होतं. खरं तर कुणीच बघत नव्हतं. आणि आजवर ज्यांच्या बघण्याला ती इतकी भ्याली होती, तेही असेच आपापल्या कामाला जाणारे लोक होते, हे तिला त्या फरशीवर बसून कळलं.

ताई बाकावर बसली होती. हॉटेलातल्यासारखीच ताठ. ती भावाला म्हणाली, "तुला दादा आठवत नाही ना?"

आपल्याला एक मोठा भाऊ होता आणि तो लहानपणीच गेला, एवढंच त्याला माहीत होतं. ताईनं त्याला पहिल्यांदाच सांगितलं. दादा बोलायचा नाही, हात हलवत फिरायचा. घरी कुणी आलं की त्याला आतल्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायचे. मग पाहुणे नसतानाही लावू लागले. ताई तेव्हा बिट्टीच्या वयाची होती. दाराखालच्या फटीतून ती त्याला चित्रं सरकवायची. एका थंडीत तो आत आजारी पडला. रोज आरडाओरडा करायचा, म्हणून त्या दिवशीच्या ओरडण्याकडेही कुणी लक्ष दिलं नाही.

"हिला कुणी कोंडू नये, एवढंच मला हवं होतं रे," ताई म्हणाली. "लोकांनी हिला बाहेर बसू द्यावं. म्हणून मी हिचं ओरडणंच काढून घेतलं." आणि इतक्या वर्षांत कुणी पाहिला नव्हता असा तिचा चेहरा झाला. तो लपवायला ती उठून खिडकीशी गेली.

बापानं तिची समजूत घातली नाही. तो एवढंच म्हणाला, "मला दिसलं होतं ताई. मी एकदाच बोललो आणि गप्प बसलो." त्या बाकावर त्या संध्याकाळी कुणालाच कुणाला दोष देण्याचं तोंड उरलं नव्हतं.

बिट्टी शुद्धीवर आली. डोक्याभोवती पट्टी, हाताला सुई. नर्सनं वाकून विचारलं, की कसं वाटतंय. बिट्टीनं तिच्या कपाळाकडे पाहून ओठ ताणले. आईला ते बघवलं नाही. ती वॉर्डच्या बाहेर गेली.

घरी आल्यावर बाप स्वतः त्या खेळाच्या बाईंकडे गेला. बाई मागचं काही उगाळत बसल्या नाहीत, दुसऱ्या दिवसापासून घरी येऊ लागल्या. त्यांनी चेहऱ्यांची चित्रं आणली. दुखरा, रागावलेला, घाबरलेला, कंटाळलेला. हसऱ्या चेहऱ्याचं चित्र मुद्दाम शेवटी ठेवलं. पट्टी बदलताना त्या विचारायच्या, की इथं दुखतं की इथं, थोडं की फार. बिट्टी आधी कपाळाकडेच बघायची. मग एके दिवशी तिनं दुखऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि पुटपुटली, "फार." बाईंनी त्याच क्षणी पट्टीवरचा हात मागे घेतला. सांगितलं की समोरचा थांबतो, हे बिट्टीला त्या दिवशी पुन्हा आठवलं असावं. पुढे ती बापालाही सांगू लागली. यंत्राचा आवाज फार झाला. फ्रॉकची कॉलर टोचते. नको.

आईला मात्र ती काही सांगायची नाही. आईनं विचारलं की अजूनही पाठ ताठ व्हायची, हात मांडीवर जायचे. "मी छान आहे. आपण कशा आहात?" आईनं बाईंना विचारलं, की माझ्याशीच का. बाई म्हणाल्या, "तुमच्याशी असंच बोलायचं असतं हे ती शिकलीय. आता ते विसरायला वेळ लागेल. आणि ते तिनं नाही, तुम्ही विसरायचं."

अशात शाळेतून निरोप आला. जागा राखून ठेवली आहे, आजारपण संपलं की पाठवा. शिवाय शाळेनं बाहेरच्या अशा मुलांच्या पालकांसाठी एक मेळावा ठेवला होता. घरच्या घरी मुलीला इतकं छान वळण कसं लावलं, यावर आईनं चार शब्द बोलावेत अशी मोठ्या बाईंची फार इच्छा होती.

आईनं नवऱ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. दोघांना वाटलं, ती नाही म्हणेल. ती हो म्हणाली.

सभागृह भरलं होतं. मोठ्या बाईंनी ओळख करून देताना पुन्हा त्या दोन कवितांचं कौतुक केलं. टाळ्या पडल्या. आई उभी राहिली. गिऱ्हाइकांशी बोलण्यापलीकडे ती कधी चार माणसांत बोलली नव्हती.

"त्या दिवशी तिच्या कानात पू होता," ती म्हणाली. "तिनं हात कानाकडे नेला, तो मी डोळ्यांनी खाली ठेवायला लावला. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या ना, त्या त्यालाच वाजवल्यात."

मग तिनं सगळं सांगितलं. आरसा सांगितला, गठ्ठ्यांची खोली सांगितली, उशीचा अभ्रा सांगितला. काही झाकलं नाही, आणि रडलीही नाही. रडून आपल्याला सहानुभूती मिळेल याची तिला लाज वाटत होती. मोठ्या बाई समोरच्या टेबलावरची पाण्याची बाटली उगाच सरळ करत राहिल्या. मधल्या रांगेतून एक गृहस्थ उठले.

"म्हणजे काही शिकवायचंच नाही का? माझ्या मुलाला बागेतून हाकलून देतात. बसमधून उतरवलंय आम्हाला. ते सोसलंय का तुम्ही?"

"सोसलंय," आई म्हणाली. "म्हणूनच मी घाबरले. शिकवा ना, खूप शिकवा. पण 'दुखतंय' आधी शिकवा, 'नको' आधी शिकवा. तोंडानं येत नसेल तर बोटानं, चित्रानं. नमस्कार मागाहून. आणि बसमधून उतरवणाऱ्याला शिकवायचं काम मुलाच्या डोक्यावर टाकू नका. ते आपलं आहे. मी ते कधी केलंच नाही. लोकांना काही म्हणण्यापेक्षा पोरीला गप्प करणं मला सोपं गेलं."

ते गृहस्थ उभेच राहिले. मग हळूहळू खाली बसले. आई मोठ्या बाईंकडे वळली आणि तिनं हात जोडून सांगितलं, की माझी मुलगी आली तर ती हात फडफडवत येईल, आवाजाला कान झाकेल, नको असेल ते नको म्हणेल. तशी चालणार असेल तर कळवा. मोठ्या बाई म्हणाल्या, की विचार करावा लागेल. हा मजकूर लिहून होईपर्यंत त्यांचा विचार झालेला नाही.

आई दुकानात परतली तेव्हा बापलेक चादरींच्या घड्या घालत होते. ताई मागच्या खोलीतले गठ्ठे बाहेर काढत होती; ती खोली रिकामी करून तिला खिडकी पाडायची होती. आई स्टुलावर बसलेल्या बिट्टीच्या डावीकडे, ऐकू येणाऱ्या बाजूला जाऊन बसली. आज काही विचारायचं नाही असं तिनं वाटेत ठरवलं होतं. पण सवय वाईट. तिच्या तोंडून निघालंच, "बिट्टी, आज कशी आहेस गं?"

बिट्टी ताठ झाली. हात मांडीकडे निघाले. मग मध्येच थांबले. ती स्टुलावर सावकाश फिरली आणि तिनं आपला उजवा, बहिरा कान आईकडे केला. चेहरा भिंतीकडे. ओठ सैल, जसे होते तसे.

बापानं चपापून बायकोकडे पाहिलं. ती पुन्हा विचारेल असं त्याला वाटलं. तिनं विचारलं नाही. खाली लोंबणारं चादरीचं टोक तिनं उचललं, आणि बिट्टी पुन्हा वळेपर्यंत ते तसंच हातात धरून बसून राहिली.